कर सल्लागार निवडताना सभासदाने काय पाहावे



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडव्याची जोपासना आणि हुमणीचा बंदोबस्त या विषयांवर वाचता. यावेळचा विषय वेगळा आहे. ऊसबिलाचा दाखला मागायला गटऑफिसात येणाऱ्या सभासदांत अलीकडे "टॅक्सवाल्यानं मागितलाय" असे सांगणारे बरेच असतात. हा टॅक्सवाला कोण, शिकलेला किती, त्याने गेल्या वर्षी तुमच्या नावाने काय भरले, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच. "ते काय माहीत नाही बुवा, पावणे सगळे तिथंच जातात."

पाव्हण्याची शिफारस वाईट असे माझे म्हणणे नाही. पण बेणे घेताना आपण शेजाऱ्याच्या शब्दावर थांबत नाही. प्लॉटवर जातो, कांडी हातात घेतो, डोळा बघतो, बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे आहे की खोडव्यातले काढून दिले याची चौकशी करतो. कारण चुकीच्या बेण्याचा तोटा दोन-तीन वर्षे भोगावा लागतो. चुकीच्या विवरणपत्राचाही तसाच, आणि त्यात सही कर सल्लागाराची नव्हे, तुमची असते.

पूर्वी आपल्यातल्या बहुतेकांना आयकराशी काही देणेघेणे नव्हते. शेतीचे उत्पन्न करमुक्त, विषय संपला. आता तसे राहिलेले नाही. एकाच सभासदाकडे ऊस असतो, दहा म्हशींचा गोठा असतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा तोडणी-वाहतुकीचा करार असतो, धाकट्याचे कृषी सेवा केंद्र असते, सूनबाई शिक्षिका असतात. म्हणजे एका घरात चार तऱ्हेचे उत्पन्न. यातले शेतीचे कोणते आणि धंद्याचे कोणते, हे नीट वेगळे करता येणे ही कर सल्लागाराची पहिली परीक्षा. आणि ही परीक्षा तुम्हाला घेता येते.

कशी ते बघा. कारखान्याला घातलेल्या उसाचे बिल हे शेतीचे उत्पन्न, यात वाद नाही. ऊस रोपवाटिकेचे काय? शेडनेटखाली ट्रेमध्ये रोपे वाढवली, जमिनीला कांडी लागलीच नाही, तरी रोपवाटिकेतल्या रोपांचे उत्पन्न कायदा शेतीचेच धरतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते आणि रोपवाटिकेवाले उगाच घाबरतात. उलट दूध आणि कोंबड्या हे शेतीचे उत्पन्न नव्हे. घरचा चारा घातला तरी नव्हे. आपला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात नांगरटीला पाठवला, तर ते भाडे धंद्याचे. गुऱ्हाळाचे प्रकरण जरा नाजूक आहे. उसाला ऊस म्हणून बाजार आहे, म्हणून गुळाच्या पूर्ण किमतीला शेतीचे उत्पन्न म्हणता येत नाही. त्यातली उसाच्या बाजारभावाएवढी रक्कम शेतीची आणि गूळ केल्याने वाढलेला नफा धंद्याचा, असा हिशोब मांडावा लागतो. कारखान्याकडील ठेवीवरचे व्याज आणि शेअरवरचा लाभांश हेही शेतीत येत नाहीत. पैसा उसातून आला ना, मग शेतीचाच की, असा युक्तिवाद पुष्कळांनी करून पाहिला आहे. चहामळ्याच्या कंपनीच्या लाभांशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच तो निकालात काढला.

सल्लागाराकडे पहिल्यांदा जाल तेव्हा यातले दोन प्रश्न सहज विचारा. उत्तर लगेच आले पाहिजे असे नाही. "बघून सांगतो" म्हणणारा माणूस चांगला. "तुम्ही काळजी करू नका, सगळं शेतीत दाखवून टाकू" म्हणणाऱ्याला मात्र नमस्कार करून बाहेर या. धंद्याचे उत्पन्न शेतीत ढकलणे ही त्याच्या दृष्टीने युक्ती असते, कायद्याच्या दृष्टीने ती खोटी माहिती असते. त्याचा दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो तुमच्याकडून वसूल होतो.

याच्या उलट बाजूची चूकही तेवढीच सर्रास होते. "शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, ते दाखवायची गरजच नाही," असे सांगणारे पुष्कळ आहेत. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि बिगरशेती उत्पन्न करपात्रतेच्या किमान मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशोबात धरतात. शेतीवर कर नाही, पण शेतीमुळे धंद्याच्या उत्पन्नाचा दर वरच्या पायरीवर जातो. हा मुद्दा आकड्यांशिवाय समजत नाही, म्हणून एक उदाहरण करून दाखवतो.

समजा, एका सभासदाचा दुकान आणि गोठा मिळून वर्षाचा नफा ११ लाख रुपये आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ८ लाख रुपये. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करपद्धती. १२ लाखांपर्यंत कर नाही हे त्याने वर्तमानपत्रात वाचलेले आहे, म्हणून तो निर्धास्त. आता हिशोब असा. दोन्ही मिळून १९ लाख, त्यावर दरपत्रकाप्रमाणे कर १,८०,००० रुपये. मग ४ लाखांची मूळ मर्यादा आणि शेतीचे ८ लाख मिळून १२ लाख, त्यावर कर ६०,००० रुपये. पहिल्यातून दुसरा वजा केला की १,२०,००० रुपये. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला जी सवलत आहे ती जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची. ती वजा जाता ६०,००० रुपये उरले, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे भरायचे ६२,४०० रुपये. शेतीचा रकाना कोरा ठेवला असता तर कर शून्य दिसला असता, आणि दोन-तीन वर्षांनी नोटीस आली असती. कारखान्याने दिलेले ऊसबिल बँकेतूनच जाते, ते लपून राहत नाही.

हे उदाहरण कागदावर लिहून घेऊन जा आणि सल्लागाराला सोडवायला सांगा. ज्याला ते येते त्याला शेतकऱ्याचे काम येते. शहरातल्या मोठ्या ऑफिसात कंपन्यांची कामे करणारा हुशार माणूसही इथे अडखळू शकतो, कारण त्याच्याकडे ऊसवाले गिऱ्हाईक येतच नाही. तालुक्याच्या गावात शेतकरी, दूध संकलनवाले आणि गाडीवाले यांची कामे करणारा माणूस म्हणून मला नेहमी बरा वाटतो. पाटी किती मोठी यापेक्षा त्याच्या बाकावर कोण बसलेले असते ते पाहावे.

तोडणी-वाहतूक ठेकेदार असलेल्या सभासदांना मात्र अधिक काळजी घ्यावी लागते, आणि यांचेच सगळ्यात जास्त नुकसान होते असे माझे निरीक्षण आहे. ठेकेदाराच्या बिलातून कारखाना टीडीएस कापतो. ठेकेदार एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का, आणि पॅन दिला नसेल तर २० टक्के. वर्षात कधीही १० पेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसणाऱ्या वाहतूकदाराने तसे लेखी निवेदन आणि पॅन दिला, तर वाहतुकीच्या भाड्यातून कपात होत नाही. हे निवेदन हंगामाच्या आधी द्यायचे असते. चांगला सल्लागार त्याची आठवण सप्टेंबरातच करून देतो, बाकीचे जुलैत "अरे, द्यायला पाहिजे होतं" म्हणतात.

ठेकेदाराच्या बिलात तोडणीची मजुरी, वाहतुकीचे भाडे आणि कमिशन अशा तीन रकमा असतात. विवरणपत्रात त्यांची खिचडी होऊन चालत नाही. लहान धंद्यांसाठी ठोक नफ्याची एक सोय आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी), तर बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या रकमेवर किमान ८ टक्के नफा धरून कर भरता येतो, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. सोपे आहे, म्हणून बहुतेक टॅक्सवाले सरसकट हेच करतात. पण कमिशन-दलालीच्या उत्पन्नाला ही सोय लागू नाही. शिवाय ही पद्धत एकदा धरून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षे तिच्यात परत येता येत नाही. हे तुम्हाला आधी सांगितले गेले होते का, ते आठवून पाहा.

आणि उचलीचे काय? मुकादमाला लाखांत उचल दिली, टोळी आलीच नाही, किंवा अर्ध्या हंगामात निघून गेली. हे दुखणे आपल्या भागात नवे नाही, त्यापायी ट्रॅक्टर विकलेले लोक आपण पाहिले आहेत. ठोक नफ्याच्या पद्धतीत ही बुडालेली उचल वेगळी वजा मिळत नाही. ती वजा मागायची तर कीर्द-खतावणी हवी, मुकादमाशी लेखी करार हवा, आणि पैसे बँकेतून दिलेले हवेत. धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. मालवाहतूकदाराला द्यायच्या भाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे. तेव्हा ठेकेदाराला वर्षातून एकदा फॉर्म भरून देणारा सल्लागार पुरत नाही. दिवाळीच्या आधी बसवून "उचल कशी द्यायची, कागद कोणता करायचा" हे सांगणारा लागतो. त्याची फी जास्त असेल, ती द्यावी. एका बुडीत उचलीपुढे ती काहीच नाही.

आता माणसे कोणकोणत्या प्रकारची असतात ते थोडक्यात. चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे सी.ए., हा १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचा सभासद असतो, त्याला सभासद क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आयकराचे लेखापरीक्षण लागले तर ते सी.ए.च करू शकतो. ठोक नफ्याच्या पद्धतीत न बसणाऱ्या धंद्याला ते १ कोटी उलाढालीच्या वर लागते. जमा आणि खर्च दोन्हींत रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा १० कोटी. सी.ए.ने दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर २०१९ पासून अठरा अंकी-अक्षरी यू.डी.आय.एन. क्रमांक असावाच लागतो. बँकेसाठी नेटवर्थचा दाखला घेताना तो आहे की नाही ते पाहा. नसेल तर तो कागद कामाचा नाही.

दुसरा प्रकार कर सल्लागारांचा. यात वकील असतात, वाणिज्य पदवीधर असतात, जी.एस.टी.चे नोंदणीकृत व्यवसायी असतात. लहान दुकान, गोठा, भाडे, पगार यांची विवरणपत्रे हे लोक उत्तम भरतात. प्रत्येकाला सी.ए.च पाहिजे असे अजिबात नाही. तिसरा प्रकार म्हणजे कचेरीसमोरचे ऑनलाइन सेवा केंद्र. सातबारा, आठ अ, पीकविमा यासाठी ते सोयीचे. पगार आणि व्याज एवढेच उत्पन्न असेल तर विवरणपत्रही भरून देतील. पण ज्याने टाईप केले त्याने सल्ला दिला असे समजू नये.

यापुढचा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या पॅनचे जे खाते आहे, त्यात मोबाईल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे? पुष्कळ ठिकाणी तो टॅक्सवाल्याचा असतो. त्याला सोपे जाते, ओ.टी.पी.साठी तुम्हाला फोन करावा लागत नाही. पण मग नोटीस येते तीही त्याच्याच फोनवर. त्याने ती पाहिली नाही, धंदा बंद केला, फोन बदलला, की तुम्हाला पत्ताच नाही. उत्तर द्यायची मुदत निघून जाते आणि एकतर्फी आकारणी होते. परताव्यासाठी बँक खाते कोणते जोडले आहे, हेही तिथेच दिसते.

हा नुसता संशय नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात सुमारे १५० ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून लोकांना परतावा मिळवून देणारे मध्यस्थ आणि विवरणपत्रे भरणारे यांच्यावर ती कारवाई होती. घरभाडे, देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आजारपणाचा खर्च, जे नाही ते लिहायचे, परतावा काढायचा आणि त्यातून आपले कमिशन कापायचे, असा तो उद्योग. त्यातल्या काहींनी घाऊक विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढले आणि नंतर सोडून दिले, त्यामुळे नोटिसा न वाचता तशाच पडून राहिल्याचे खात्यानेच सांगितले. यात अडकणारे बहुधा पगारदार. आपली मुलेबाळे नोकरीत आहेत, त्यांनाही हे वाचून दाखवा.

म्हणून "जेवढा परतावा आणीन त्याच्या इतके टक्के माझे" असे कोणी म्हणाला की समजून घ्या. विवरणपत्राच्या कामाची फी अशी निकालावर किंवा टक्केवारीवर ठरवायला सी.ए.ना त्यांच्या संस्थेच्या नियमांनी मनाई आहे. फी कामाची असते, ती आधी ठरवावी आणि पावती घ्यावी. काम झाल्यावर विवरणपत्राची प्रत, पोचपावती आणि उत्पन्नाच्या हिशोबाचा कागद या तीन गोष्टी मागून घ्याव्यात. हिशोबाचा कागद द्यायला कुरकुर करणारे बरेच आहेत, पण तोच खरा कागद. सल्लागार बदलायची वेळ आली तर नवा माणूस आधी तोच मागतो. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत ते प्रमाणित करावे लागते, ते झाले की नाही तेही विचारा.

कर्जाच्या फाईलबद्दल एक सांगतो. ट्रक किंवा हार्वेस्टरसाठी बँक मागच्या वर्षांची विवरणपत्रे मागते. मग काही सल्लागार उत्पन्न फुगवून, मागची वर्षे एकदम भरून देतात. फाईल मंजूर होते. पण त्या आकड्यांवर आलेला हप्ता खऱ्या कमाईतून फेडायचा असतो. नडीच्या वेळी हा मार्ग गोड वाटतो हे मान्य, तरी जो सल्लागार इथे "नाही" म्हणतो त्याला धरून ठेवावे.

मधल्या मधे एक खुलासा. "कारखान्याचा आयकर माफ झाला, मग आमचा का नाही?" असे काही सभासद विचारतात. तो प्रश्न वेगळा होता. सहकारी कारखान्यांनी किमान किमतीपेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा खर्च की नफावाटप, असा तो वाद. २०१६-१७ आकारणी वर्षापासून तो खर्च मानला गेला आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याआधीच्या वर्षांनाही सवलत दिली. साखर कारखान्यांना त्यातून सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळाला. सभासदाच्या गोठ्याशी आणि दुकानाशी त्याचा संबंध नाही.

नवा आयकर कायदा २०२५ चा आहे आणि त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. १९६१ च्या कायद्यातील कलमांचे आकडे त्यात बदलले आहेत. आपला सल्लागार नव्या आकड्यांनी बोलतो की जुन्याच पाठांतराने, यावरूनही त्याचा अभ्यास कळेल.

शेवटी कागदपत्रांविषयी. आपण हिशोब हंगामाचा ठेवतो, आयकर एप्रिल ते मार्चचा मागतो. त्यामुळे एका आर्थिक वर्षात मागच्या हंगामाचा राहिलेला हप्ता आणि चालू हंगामाचे पहिले बिल अशी सरमिसळ होते. गटऑफिसात दाखला मागताना "हंगामाचा" असे न म्हणता "१ एप्रिल ते ३१ मार्चचा, जमा तारखेप्रमाणे" असे सांगा. ऊस घरातल्या कोणाकोणाच्या नावावर नोंदलेला आहे तेही सांगा, म्हणजे प्रत्येक नावाचा उतारा वेगळा देता येईल. त्यासोबत सातबारा, आठ अ, ई-पीक पाहणीची नोंद, सोसायटीचा आणि बँकेचा खातेउतारा, खते-औषधांच्या पावत्या, ठेकेदार असल्यास टीडीएसचे प्रमाणपत्र, आणि पोर्टलवरची वार्षिक माहितीची नोंद, जिला ए.आय.एस. म्हणतात, एवढे एका पिशवीत घालून सल्लागाराकडे मे महिन्यातच जावे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि आपल्याकडे तोवर आडसाली लागणीची घाई सुरू झालेली असते.